वाढपी

दुसऱ्याच्या पानात वाढायची भीती वाटते, असे आमच्या गावात कुणी म्हटले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. वाढायची कसली आली आहे भीती? भीती असलीच तर ती पंगतीत बसलेल्याला. वाढपी आपल्यापर्यंत येईतो बुंदी संपते की काय, याची. माझा जन्म माणदेशातला, दहिवडीपासून काही कोसांवरच्या एका वाडीतला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ने १९४९ साली हा मुलूख साऱ्या महाराष्ट्राला दाखवला. पण ही माणसे लग्नाच्या पंगतीत वाढताना ज्याने पाहिली नाहीत, त्याने ती निम्मीच पाहिली, असे माझे आपले मत आहे.

मी बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून आमटीची बादली माझ्याकडे असे. डाव्या हातात बादली, उजव्या हातात ओगराळे, पायात काही नाही, आणि दोन्हीकडे मांडी घालून बसलेल्या माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढीत पळायचे. पत्रावळीवर आडवा हात धरून ‘नको नको’ म्हणणारा पाहुणा, त्या हाताच्या नेमक्या कोणत्या फटीतून वाढायचे, कुणाचे ‘नको’ खरे आणि कुणाचे नुसते रीत म्हणून, हे मला मास्तरांच्या गणितापेक्षा चांगले कळे. आणि वाढप्याचा दरारा काय विचारता! गावचा पाटील असो की बाहेरगावचा मामलेदार, पत्रावळीपुढे बसला की त्यालाही माझी वाट पाहावी लागे.

असा हा नामांकित वाढपी १९७३ च्या मार्चमध्ये घाटकोपरच्या एका उडपी हॉटेलात नोकरीला लागला, आणि पहिल्याच सकाळी त्याच्या हातातली कपबशी भजनातल्या टाळांसारखी वाजू लागली. त्याची ही हकीगत.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला, त्यांना तो सांगावा लागत नाही, आणि ज्यांनी भोगला नाही त्यांना तो सांगून कळत नाही. आमच्याकडे पाऊस तसा पाहुण्यासारखाच यायचा, पण त्या वर्षी पाहुण्याने निरोपही धाडला नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडायची. आई आणि आबा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी वाटीत, ती आई पदरात बांधून धाकट्यांसाठी घरी आणी. मी नुकताच एस. एस. सी. झालो होतो. तेव्हा ती अकरावीला असे, आणि अकरावी झालेल्या पोराने खडी फोडावी हे आबांच्या मनाला पटेना. गावात लग्ने झाली ती पाच माणसांत. पंगती उठल्या त्या उठल्याच. माझी बादली माळ्यावर पालथी पडली.

आईचा भाऊ घाटकोपरला भटवाडीत राही आणि विक्रोळीच्या एका कारखान्यात काम करी. त्याने पत्र पाठवले, ‘पोराला लावून द्या, दोन वेळच्या जेवणाचं तरी बघतो.’ दहिवडीच्या स्टँडवर आबांनी मला एस. टी.त बसवून दिले. ते बोलले काही नाहीत. गाडी हलल्यावर मात्र खिडकीबरोबर चार पावले चालले.

घाटकोपर, भांडुप, अंधेरी हा भाग १९५० साली मुंबईत घेतला गेला आणि मुलुंड-बोरिवली १९५७ साली. पण माणसे ‘मुंबईला जातो’ म्हणून व्ही. टी.ची गाडी पकडीत. रस्त्याचे नाव लालबहादूर शास्त्री मार्ग, तोंडी मात्र आग्रा रोड. या आग्रा रोडला कारखान्यांची रांगच लागलेली होती. विक्रोळीला गोदरेज, कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला सिएट. पाळी सुटली की तो रस्ता जत्रेसारखा फुले. या सगळ्या माणसांना पहाटेपासून रात्रीपर्यंत चहा लागे, आणि त्यासाठी उडपी हॉटेल लागे. मुंबईत मराठी उपाहारगृहे नव्हती असे नाही. दादरला मामा काणे १९१० पासून होतेच. इराणी तर नाक्यानाक्यावर होते. पण दक्षिण कानडातून आलेल्या या मंडळींनी आधी माटुंगा धरले आणि मग रेल्वेच्या दोन्ही रुळांच्या कडेने उपनगरे. माटुंग्याला रामा नायकांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ साली सुरू झाले. तिथे केळीच्या पानावर जेवण वाढतात, बादल्या घेऊन वाढपी फिरतात. मी ते पुष्कळ वर्षांनी पाहिले आणि मनात म्हटले, अरे, नोकरी इथे लागायला हवी होती!

आमच्या हॉटेलचे मालक उडुपीकडचेच. सारे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या भाषेत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आणि आमच्याकडेही तेच. त्यामुळे पहिला शब्द तरी ओळखीचा निघाला. मामा मला घेऊन गल्ल्यापुढे उभे राहिले.

“पहले किधर काम किया?” अण्णांनी विचारले.

“लग्नात वाढतो,” मामा ठणकावून म्हणाले.

अण्णा पोट हलवून हसले. पण दोन माणसे गावी गेली होती आणि तिसरे जायच्या बेतात होते. एरवी नवा पोरगा आधी भांडी घासी, मग फडके मारी, आणि मिसरूड फुटल्यावर कुठे गिऱ्हाइकासमोर येई. मी अकरावी झालेला म्हणून एकदम सप्लायर झालो. वेटरला तिथे सप्लायर म्हणत. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी ‘वेट’ म्हणजे वाट पाहणे असे शिकवले होते. गावात माझी सारे वाट पाहात, इथे मी साऱ्यांची पाहायची, एवढाच फरक होता. पण त्या एवढ्याशा फरकाने माझी दोन रात्रींची झोप उडाली.

पदार्थांची नावे पाठ करायची होती. डोसा मी जन्मात पाहिला नव्हता. मामांनी सांगितले, “आपल्या धिरड्याचा शिकलेला भाऊ.” रात्री भटवाडीतल्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत माझी परीक्षा सुरू झाली. मामी पाटावर गिऱ्हाईक होऊन बसली. मामा बाजूला अण्णा.

“काय काय हाय रं?” मामीने विचारले.

मी पाढा सुरू केला, “इडली, मेदुवडा, इडलीवडा, साधा डोसा, मसाला डोसा, रवा साधा, रवा मसाला, उत्तप्पा, उपमा, शिरा, बटाटावडा, पुरीभाजी...”

“आनि भाकरी?”

“भाकरी नाही.”

“मग काय खायाचं मानसानं?” मामी खरोखरीच रागावून उठली. मामांनी मला नापास केले नाही, एवढेच. शेजारच्या खोलीतले दोघे जण दारात उभे राहून हसत होते. मला मात्र हसू येईना. छातीत धडधडत होते. उद्या पाटावर मामी नसेल, मुंबई असेल.

पहाटे पाचला पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी चढवून मी उभा राहिलो. सदरा गावी गेलेल्या माणसाचा; त्याच्या बाह्या माझ्या बोटांपर्यंत येत होत्या. आत भट्टीवर पाण्याची पिंपे उकळत होती. आचारी तुळूत, वाढणारे कानडीत, गिऱ्हाइके गुजरातीत आणि अण्णा साऱ्यांशी हिंदीत बोलत. ‘बेगा बेगा’ म्हणजे लवकर लवकर, हे मला कुणी शिकवावे लागले नाही. शटर वर गेले. दिवाबत्ती होते न होते तोच पहिल्या पाळीची माणसे आत आली.

मला वाटते, भीतीचे कारण ताट पडेल, चहा सांडेल, हे नव्हतेच. हात माझा तयार होता. कारण निराळेच होते. पंगतीत जेवणारा खाली बसलेला असतो आणि वाढणारा त्याच्यापुढे वाकतो, तरी मान वाढणाराचा. तो घरचा माणूस असतो. अन्न त्याचे असते. इथे माणूस खुर्चीवर बसलेला, मी त्याच्या खांद्याशी उभा, अन्न अण्णांचे, पैसे त्याचे. मग यात माझे काय? माझी वाट पाहणारे कुणी नव्हते. मला बोलवायची तऱ्हाही नामी होती. कुणी शुक शुक करी, कुणी टेबलावर नाणे वाजवी, कुणी नुसती मान उडवी. ‘या’, ‘बसा’, ‘घ्या’ हे माझे तीन शब्द त्या दुकानात चालत नव्हते, आणि त्यांच्यावाचून अन्न कसे पुढे करायचे हे मला ठाऊक नव्हते.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे कपाळावर गंध लावलेले एक गुजराती म्हातारे. त्यांना एक चहा हवा होता. भट्टीपासून त्यांच्या टेबलापर्यंत फार तर पंधरा पावले. तिसऱ्या पावलाला कप बशीवर किणकिणू लागला. मी कपाकडे पाहिले, तसा तो जास्तच किणकिणला. तेवढ्यात माझ्या कोपराशी आवाज आला :

“भाय, चाय को मत देख. टेबल को देख.”

खाली पाहिले तर फडकेवाला पोऱ्या. असेल दहा वर्षांचा. कारकळकडचा. खांद्यावर ओले फडके, हातात उष्ट्या बश्यांची चळत. मी मान वर केली, म्हाताऱ्यांच्या टेबलाकडे पाहिले आणि चालू लागलो. कप गप्प झाला. भरला कप नेताना त्याच्याकडे पाहायचे नाही, हे ज्यांनी कधी नेला आहे त्या सर्वांना कळते. पण मला ते त्या पोराने सांगितले, आणि पुढे मी जेवढ्या लोकांना शिकवले त्या सर्वांना त्याच्याच शब्दांत शिकवले. ग्लास बुडाशी धरायचा, पाण्यात बोट बुडवायचे नाही, एका हातावर चार प्लेटी कशा उतरंडीसारख्या बसवायच्या, ‘बारा आणे’ म्हणजे पंचाहत्तर पैसे हे अजून जुन्या माणसांसाठी कसे लक्षात ठेवायचे (नवे पैसे येऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती!), हे सारे त्याचेच शिक्षण. रात्री भांडी झाल्यावर तो पिठाच्या पोत्यांना टेकून झोपे.

आठवडाभर माझे काम ठीक चालले, पण जीव रमेना. मग एक दिवस मला सांबार सापडले. तसे ते पहिल्या दिवसापासून तिथेच होते. मीच ओळखले नव्हते. इडलीवड्याला पैसे पडत, पण सांबार मागाल तितके. त्यासाठी एक पितळी बादली आणि एक डाव ठेवलेला असे. एका कामगाराने वाटी पुढे केली. मी बादली उचलली आणि काय झाले कुणास ठाऊक, माझ्या तोंडून आपोआप निघाले, “घ्या की, घ्या! संकोच करू नका!” तो माणूस चमकला, हसला आणि म्हणाला, “अरे, साताऱ्याकडचा काय तू?” तोही माणच्याच शेजारचा, खटाव तालुक्यातला निघाला. पलीकडच्याने हात आडवा धरून ‘नको’ म्हटले. त्याचे ‘नको’ खरे नव्हते. मी बोटांच्या फटीतून वाढले.

त्या दिवसापासून मी बादली सोडली नाही. हात आपोआप हलका झाला. शुक शुक करणारे करीतच राहिले. पण कारखान्यातले पुष्कळ जण माझ्याच टेबलांवर येऊन बसू लागले. चौथ्या दिवशी अण्णांनी मला गल्ल्याशी बोलावले आणि चष्म्यावरून पाहात म्हटले, “तम्मा, ये तेरे मामा की शादी नहीं है.” तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी मान खाली घातली. अण्णांनी मला रागे भरले नाही, बादलीही काढून घेतली नाही. दुसऱ्या दिवसापासून सांबारात पाणी तेवढे जरा वाढले.

पण सगळेच काही असे हसण्यासारखे नव्हते. पहिल्या महिन्यात मला सर्वांत जड गेले ते टाकलेले अन्न पाहणे. अर्धी इडली, कुरतडलेला वडा, नुसता शेंडा मोडून सोडलेला डोसा. बोलत बोलत माणसे उठून जात. पोऱ्या येई, सारे एका पिंपात लोटी, फडके फिरवी. मी मनात सुकडीचा हिशेब करी. या पिंपात आमच्या वाडीची किती घरे जेवतील? एकदा असा हिशेब करताना मी इतका वेळ उभा राहिलो की अण्णांनी हाक मारली. मग मी हिशेब करणे सोडले. करून चालण्यासारखे नव्हते.

पहिला पगार झाला तेव्हा चाळीस रुपयांची मनीऑर्डर केली. त्या फॉर्मच्या खाली संदेशासाठी बोटभर जागा असे. १८८० पासून चाललेली ती जुनी मनीऑर्डर पोस्टाने २०१५ साली बंद केली. पण त्या बोटभर जागेत किती घरांचे काय काय मावले असेल! मी लिहिले, ‘हॉटेलात वाढायचे काम आहे. जेवण पोटभर. काळजी नसावी.’

आठ दिवसांनी आबांचे कार्ड आले. आबांचे अक्षर मोठे, ओळी थोड्या. पैसे पोचले. आई बरी आहे. म्हैस विकली. आणि शेवटी एकच प्रश्न : ‘ताटात वाढतोस की ताट उचलतोस?’

मी ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचले. आबांना काय विचारायचे होते ते मला पुरते कळले होते. गावात वाढणारा वेगळा आणि उष्टे काढणारा वेगळा. वाढण्यात मान, उचलण्यात नाही. गावकीत कुणी तरी बोलले असणार, ‘मुंबईला जाऊन लोकांची उष्टी काढतो.’ मी उत्तर लिहायला बसलो. ‘वाढतो’ हे उत्तर अगदी खरे होते. आमच्या हॉटेलात सप्लायर वाढी आणि पोऱ्या उचली. त्यात कधी गोंधळ होत नसे. पण ‘वाढतो’ असे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे ती बश्यांची चळत आली आणि तिच्यामागचा पोरगा. माझा मान शाबूत होता, कारण ताट उचलायला दहा वर्षांचा एक मुलगा ठेवलेला होता. मी ‘वाढतो’ एवढेच लिहिले आणि कार्ड पेटीत टाकले.

पोऱ्या हा त्या काळी हॉटेलचा एक जिन्नसच असे; जशी भट्टी, जसा गल्ला. कवी नारायण सुर्वे यांनी लहानपणी हॉटेलात कपबशा विसळल्या होत्या. १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ निघाले तेव्हा पुष्कळांना नवल वाटले होते की असाही माणूस कवी होतो. मला ते नवल कधी वाटले नाही. मला नवल वाटे ते इतर हजारांचे. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत आणि घरकामाला ठेवायला कायद्याने बंदी झाली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे माझ्या त्या गुरूचे फडके खांद्यावर आले, त्यानंतर तेहतीस वर्षांनी. मे महिन्यात तो तापाने फणफणला. पोत्यांवर पडून राहिला. ते तीन दिवस माझ्या टेबलांवरची ताटे मी उचलली. दुसऱ्या सप्लायरांनी आपापल्या टेबलांकडे नुसते पाहिले आणि अण्णांना हाका मारल्या. उष्टे उचलताना हाताला काही वेगळे लागत नाही. खरकटे ते खरकटेच, आपल्या घरचे असो की परक्याचे.

दोन वर्षे मी तिथे काढली. मग परीक्षा दिल्या, महापालिकेत चिकटलो, आणि निवृत्तही झालो. आता घाटकोपर स्टेशनवर उतरले की डोक्यावरून मेट्रो जाते. वर्सोव्याहून येणारी ही गाडी जून २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिने त्या स्टेशनाची जत्रा बारमाही करून टाकली. आग्रा रोडवरचे पुष्कळ कारखाने गेले, त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. हॉटेलांतली वाढणारी पोरे आता उत्तरेकडून, पूर्वेकडून, पार नेपाळातून येतात. त्यांचे सदरे तरी त्यांच्या मापाचे असतात. नव्या पोराला मी लगेच ओळखतो. तो कपाकडे पाहत चालतो.

पण सांगायचे राहिले ते आबांचे. १९७३ साली पाऊस झाला, आणि चांगला झाला. बाजरी हाती आली. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी, डोक्यावर बाजरीच्या पिठाचे गाठोडे घेऊन, आबा कुणाला न कळवता भटवाडीत आले आणि तिथून मामीला विचारीत विचारीत थेट हॉटेलात. दुपारची वेळ होती. दारात पटका दिसला आणि माझ्या हातातली प्लेट पुन्हा एकदा किणकिणली. अण्णा उठून उभे राहिले. “बैठो, बैठो,” म्हणून त्यांनी पंख्याखालचे टेबल दाखवले. आबांनी वहाणा बाहेर काढून ठेवल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, जणू ती दुसऱ्या कुणाची तरी होती.

मी मसाला डोसा आणला. आबांनी तो सगळीकडून न्याहाळला. “एवढं कशाला?” म्हणाले. मी बादली आणली. त्यांनी वाटीवर हात आडवा धरला. मी फटीतून वाढले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग मान खाली घालून जेवू लागले. डोसा संपला, वाटी पुसून झाली, पाणी पिऊन झाले. इतक्यात खांद्यावर फडके घेऊन पोऱ्या टेबलाशी आला आणि त्याने प्लेटीला हात घातला.

आबांनी त्याच्याकडे पाहिले. मग त्यांनी आपली प्लेट दुसऱ्या बाजूने धरली.

“र्‍हाऊ दे, बाळा. कुठं ठिवू सांग.”

पोऱ्याला मराठीचे चार शब्द येत होते, पण हे त्यांतले नव्हते. तो प्लेट सोडीना. आबाही सोडीनात. पोऱ्या माझ्याकडे पाहू लागला, अण्णा गल्ल्यावरून माझ्याकडे पाहू लागले. आणि पाच नंबरवर कुणीतरी पाण्यासाठी ग्लास आपटत होते, म्हणून मी तिकडे गेलो.